कोनाड्यातले झिंगे

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की ओळखीचे लोक आधी विचारतात, "लोणारचं सरोवर पाहिलंत का?" नाही पाहिलं. मग विचारतात, "मग गेला होतात तरी कशाला?" झिंगे आणायला. यावर मंडळी विषय बदलतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे एकाच सरांकडे काम करतो. एक मी, पंडित. दुसरा वासुदेव, देऊळघाटचा, भाजीपाल्याच्या मळेकऱ्याचा मुलगा. माझा विषय असा, की मेंदूतली एक मज्जापेशी शेजारच्या पेशीला निरोप देते कशी? मान्य असलेलं उत्तर असं, की पहिली पेशी आपल्या टोकाशी एक रसायन सोडते, ते मधली फट ओलांडतं, मग दुसरी पेशी जागी होते. यात वेळ जातो. पापणी लवण्याहूनही किती तरी कमी, पण जातो. त्या एवढ्याशा वेळावर माझा प्रबंध उभा होता.

आणि दिवाळीनंतर या वासुदेवने घरून येताना बरणीत चार झिंगे आणले. एकाच्या मज्जारज्जूतल्या दोन शेजारणी पेशींत दोन काचेच्या सुया खुपसल्या. या सुया केसाहून बारीक, आतून पोकळ, खाऱ्या पाण्याने भरलेल्या असतात. यंत्राच्या पडद्यावर दोन हिरव्या रेघा दिसतात, प्रत्येक पेशीची एक. त्याने एका पेशीला विजेचा हलका धक्का दिला. पहिली रेघ उठली आणि तिच्याबरोबर दुसरीही उठली. जराशी बुटकी, पण मागून नव्हे, बरोबर! म्हणजे रसायन नाही, फट ओलांडणं नाही, थांबणं नाही. वीज सरळ या पेशीतून त्या पेशीत.

मी गुळमुळीत बोलणार नाही. मी जळलो. हा माणूस, ज्याला काच तापवून सुया ओढायला मी शिकवलं, ज्याचे निबंध मी शुद्ध करून दिले, तो मला ओलांडून गेला, तेही नदीतल्या चार झिंग्यांच्या जिवावर.

झिंगे संपले. मुठेतले आणून पाहिले, ते चिमुरडे निघाले आणि पटापट मेले. मग सरांनी सांगितलं, "तुमच्या पैनगंगेचे ताजे आणा. येत्या सोमवारी सगळ्यांसमोर करून दाखवा. दिसलं तर निबंध परदेशी पाठवू, आणि विभागातली जागाही तुमची." माझ्याकडे वळून म्हणाले, "पंडित, तुम्हीही बरोबर जा. तुम्हाला शंका आहे ना?"

शंका होती. एका सुईतली वीज बाहेरच्या पाण्यातून गळून दुसऱ्या सुईला लागत असेल, अशी. पण शंका कसली, ती माझी आशा होती.

मलकापूर ते देऊळघाट

रेल्वेचा प्रवास सांगत नाही, कोळशाची पूड पुष्कळ खाल्ली एवढंच. मलकापूरला उतरल्यावर मात्र एक चमत्कार झाला. पुण्यात मोजून मापून बोलणारा वासुदेव फलाटावर पाय ठेवताच धो धो बोलायला लागला. हमालाशी बोलला, चहावाल्याशी बोलला, एका बैलाशीसुद्धा बोलला. मला 'अहो पंडित' म्हणणारा माणूस म्हणाला, "काय बे पंडित, थकला का? चाल, चाल!"

एस.टी.चा ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा. त्याला केबिनमध्ये बसवलं, मला मागे ज्वारीच्या पोत्यावर. शेजारच्या पागोटेवाल्याने माझ्या मांडीवरचा नवाकोरा माठ न्याहाळला.

"हे कायले आनलं?"

"झिंगे न्यायला."

"पुन्याले झिंगे नाई भेटत?"

"भेटतात. पण त्यांचा उपयोग नाही."

त्याने मान हलवली आणि पलीकडच्याला म्हणाला, "वासुदेवभाऊचे दोस्त होय. भाऊ लय मोठा मानूस झाला बाप्पा. हे त्याचा माठ उचलाले आले."

राजूरच्या घाटात गाडी तापली. दोन्हीकडे पानं गळलेला साग, पिवळं गवत, थंडीतलं ऊन. बघत बसावं असं सगळं. पण बघत कोण बसू देतो? इंजिनात पाणी घालायचं तर भांडं नव्हतं. ड्रायव्हरने माझ्या हातातला माठ काढून घेतला. ओढ्याचं पाणी आणून इंजिनात ओततानासुद्धा तो हसत होता. "आता तुमी-आमी एकच राज्य झालो ना साहेब! मंग पुन्याचा माठ वऱ्हाडच्या गाडीले चालतेच!" गाडीभर लोक हसले. माठाच्या काठाचा टवका उडाला, त्याचं कोणालाच काही नाही.

बुलढाण्याच्या स्टँडवर भजी खाल्ली. बरोबर तळलेल्या मिरच्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, वासुदेवने माझ्याही मिरच्या खाल्ल्या. पचनशक्तीतही तो माझ्या पुढे निघाला.

भिंतीतलं भोक

देऊळघाटला पोचलो तेव्हा वासुदेवची आई मळ्यातून नुकतीच येत होती. डोक्यावर मेथीचं गाठोडं, पदर खोचलेला. "आले का बाप्पा? मले वाटलं उद्या येसान." घरात चूल थंड होती. तिने गाठोडं टाकलं, लोखंडी पळी घेतली आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. ठेवताना पळी दगडावर दोनदा वाजवली.

मी पाहतच राहिलो, कारण त्या कोनाड्याला पाठ नव्हती. तो भिंतीतून आरपार होता. पलीकडून बांगड्यांचा हात आला, पळी नाहीशी झाली आणि लगेच निखारे घेऊन परत आली. एक शब्द नाही. आईने पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या घातल्या, फुंकर मारली, चूल पेटली.

"पलीकडे कोण राहतं?" मी विचारलं.

वासुदेव म्हणाला, "काकू. बा अन् काका वेगळे झाले तवा ही भिंत घातली. पन आमच्याकडं असं हाये, घर वाटता येते, विस्तव वाटत नसतेत. म्हून भिंत घालताना गवंडी चुलीपाशी भोक ठेवतेच."

"काकू बोलत नाहीत का?"

"माय अन् काकू? पाच-सहा वर्सं झाले, अबोला हाये. बा अन् काका एकाच विहिरीवर मोट हाकतेत, त्यायचं काही नाई. ह्या दोघी मात्र रस्त्यानं सामोरासमोर आल्या तं पदर ओढून घेतेत."

भांडण कशावरून झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्या दोघींनाही धड आठवत नसावं.

जेवताना भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा. मध्येच आईचा हात कोनाड्याकडे गेला. तिथे ताकाचा लोटा आलेला होता. तिने मागितला नव्हता, पळी वाजवली नव्हती. "तुम्हाला ताक हवं हे त्यांना कसं कळलं?" मी विचारलं. आई म्हणाली, "आता ठेचा वाटला ना मी? आवाज गेला असन." आणि उठून तिने एक वांगं कोनाड्यात ठेवलं. ते गेलं.

मी त्या कोनाड्याकडे पाहिलं. दोन शेजारणी पेशी, मध्ये भिंत, भिंतीला भोक. इकडे जरा ढवळलं की तिकडे लगेच उमटतं, आणि निरोप नाही, हाक नाही! हा माणूस हे भोक बघत मोठा झाला होता. त्याला दोन पेशी दिसल्यावर संशय येणार नाही तर काय मला येणार? पुण्यात माझ्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या गृहस्थांचं नाव मला दारावरच्या पाटीवरून कळलेलं. त्यांच्याकडून काही हवं असेल तर आधी चिठ्ठी पाठवायची, मग उत्तराची वाट पाहायची. आमच्याकडे सगळं रसायनच. मला त्या भिंतीचा हेवा वाटला. भोकाचा हेवा करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैनगंगेवर गेलो. नदी इथे अजून लहान आहे, हिवाळ्यात तर डोहाडोहांनीच उरते. वासुदेव गुडघाभर पाण्यात उभा राहून दगडाखाली हात घालायचा आणि लांब नांग्यांचा झिंगा काढायचा. मी हात घातला तर शेवाळ आलं. दुसऱ्यांदा घातला तर पाय सरकला आणि मी कोटासकट बसलो. काठावरच्या धोबिणी पोट धरून हसल्या. दुपारपर्यंत माठात पंधरा-वीस टपोरे झिंगे झाले. सगळे त्याचे.

जेवण झाल्यावर आई मळ्यात गेली. वासुदेव दुसऱ्या दिवशीच्या गाडीत जागा सांगायला बुलढाण्याला निघाला. जाताना म्हणाला, "माठ सांभाळजो बे. थंडाव्यात ठेवजो. आमची मांजर लय हरामी हाये."

मांजर खरोखरच हरामी होती. माठ कोपऱ्यात ठेवला, तर तिने फडकं ओढलं. खाटेखाली ठेवला, तर आत पंजा घातला. मी घरभर थंड आणि उंच जागा शोधत फिरलो आणि मला ती सापडली. जाड भिंतीत, छातीइतकी उंच, हात लावला तर गारेगार. मी माठ नीट आत सरकवला, स्वतःच्या हुशारीवर खूश झालो आणि खाटेवर पडलो. दुपारची झोप हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे.

जाग आली ती वासाने. काय वास होता म्हणून सांगू! तेलात परतलेला लसूण, काळा मसाला आणि काही तरी गोडसर. अर्धवट झोपेत मी म्हटलं, वा, शेजारी झिंगे शिजताहेत.

मग ताडकन उठून बसलो.

तेवढ्यात कोनाड्यात पळी वाजली. जाऊन पाहतो तो लालभडक रश्श्याचा भरलेला वाडगा आणि त्याच्या शेजारी माझा माठ, घासून पुसून लख्ख, पालथा घातलेला.

खरं सांगतो, मला पहिल्यांदा आनंद झाला. झिंगे नाहीत, म्हणजे सोमवार नाही. सोमवार नाही, म्हणजे दुसरी रेघ नाही. आणि मी मुद्दाम काहीच केलेलं नव्हतं, कोनाडा आरपार आहे हे झोपेच्या नादात विसरलो होतो! मग पुढचं ध्यानात आलं. कोण म्हणणार होतं की मी काही केलं नाही? प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा जाणून होता की मी वासुदेववर जळतो. सर विचारतील, झिंगे काय झाले? मी सांगणार, शेजारच्या काकूंनी खाल्ले. झालं, कल्याण!

आई आधी आली. तिने वाडगा पाहिला, माठ पाहिला, मला पाहिलं.

"कोनाड्यात ठेवला तुमी माठ?"

"मांजरीमुळे."

"अवं माय!" तिने कपाळावर हात मारला. "कोनाड्यात ठेवलं का ते पलीकडचं होते बाप्पा! आमच्या लेकराबायालेबी माहीत हाये हे!"

आणि मग तिने असं काही केलं की मी मागे सरलो. कोनाड्यात डोकं घातलं आणि ओरडली, "अवं, ते खायाचे नव्हते वं!"

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग एक घोगरा, बावरलेला आवाज आला.

"मंग कायले होते?"

"पोराच्या परीक्षेचे होते!"

"परीक्षेचे झिंगे? असे कुठी असतेत का?"

"असतेत! पुन्याले असतेत!"

"मंग कोनाड्यात काऊन ठेवले?"

"या पुन्याच्या बाप्पानं ठेवले! त्याले काय माहीत!"

"त्याले माहीत नाई तं तुले सांगता नाई आलं?"

"मी वावरात होती!"

"वावरात होती म्हन्ते! चार जुड्या मेथी खुडाले दिवसभर लागते वं तुले?"

इतक्या वर्षांचा साठा तिथून बाहेर पडला. दोघी कोनाड्याला तोंडं लावून भांडत होत्या, एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू होत होतं. मी मध्ये माठ धरून उभा. त्यातच वासुदेव आला.

त्याने दोघींचं ऐकलं. वाडग्यात बोट बुडवून चाटलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं रोखून. मी मांजरीचं सांगायला लागलो. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. खाली बसला, म्हणाला, "माय, भाकर दे." आणि अख्खा वाडगा संपवला. "मीठ कमी हाये," एवढंच म्हणाला. मला एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

लुगड्याची दोन टोकं

दिवस कलायला आला होता. वासुदेव माठ घेऊन नदीकडे निघाला, मी त्याच्या मागे. सकाळी दगड चाळून झालेले, झिंगे शहाणे झालेले. दोघांनी मिळून दोनच काढले. त्यातला एक माझा होता, त्याने माझं बोट धरलं होतं म्हणून.

मग काठावरून भांडण ऐकू आलं. आई आणि काकू येत होत्या. एकमेकींकडे न बघता, वाटेच्या दोन कडांनी, पण बोलत. काकूंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, हाडकुळ्या, नाकात मोठी चमकी. मला म्हणाल्या, "तुमीच का ते मांजरीवाले?" आणि काष्टा आवळून पाण्यात उतरल्या.

त्यांनी जुनं लुगडं आणलं होतं. एक टोक आईच्या हातात, एक काकूंच्या. डोहाच्या तोंडाशी लुगडं बुडवलं, वासुदेव वरून पाणी ढवळत आला. आईचं तोंड डावीकडे, काकूंचं उजवीकडे. आई अजून मेथीचंच बोलत होती. आणि एका क्षणी लुगडं वर आलं. दोन्ही टोकं एकदम. मधल्या झोळीत पाच-सहा झिंगे तडफडत होते.

मी म्हटलं, योगायोग. पुन्हा बुडवलं. मी डोळे फाडून दोघींच्या हातांकडे पाहत होतो. कोणी 'उचल' म्हणत नव्हतं. कोणी मान वळवत नव्हतं. आणि लुगडं पुन्हा वर आलं, दोन्ही टोकं बरोबर. काकूंचं जरा जास्त उंच, आईचं जरा कमी. पुन्हा, आणि पुन्हा. एकीचं उचलणं दुसरीच्या मागून येतंय का, म्हणून मी जीव खाऊन बघत होतो. येत नव्हतं.

थंड पाण्यात मांड्यांपर्यंत उभा राहून मला कळून चुकलं की सोमवारी काय दिसणार आहे. इतका राग आला! कोणावर, ते ठरवता येईना. वासुदेववर, झिंग्यांवर, त्या दोन बायकांवर. या भांडल्या तरी एकत्र होत्या आणि मी गोड बोलूनही त्या माणसापासून कोसभर लांब.

दुसऱ्या दिवशी निघताना काकू दारातून आल्या. शिदोरी द्यायला. आईने पाट मांडला. दोघी त्यावरूनही काही तरी कुरकुरल्या.

परतीच्या वाटेवर मी माठ हातातला सोडला नाही. दर मोठ्या स्टेशनला थोडं पाणी बदललं, रबरी फुग्याने हवा सोडली, मेलेले काढून टाकले. वासुदेव चार तास गाढ झोपला. मला झोप कुठली? एक जरी झिंगा मेला की वाटायचं, हा माझ्या नावावर. हेवेकऱ्याइतकी राखण आई तरी करते का, सांगा!

पुणे

सोमवारी खोलीत काळोख केला होता. पडद्यावर दोन हिरव्या रेघा. वासुदेवने पहिल्या पेशीला धक्का दिला. पहिली रेघ उठली. दुसरी बरोबर उठली.

सर म्हणाले, "पंडित, तुमची शंका तुम्हीच काढा."

मी दुसरी सुई पेशीतून बाहेर काढली, केसभर. पेशीला चिकटूनच, पण बाहेर. वीज पाण्यातून गळत असती, तर रेघ तरीही उठली असती. वासुदेवने धक्का दिला. पहिली उठली. माझी रेघ मेल्यासारखी सपाट राहिली. मी सुई पुन्हा आत घातली आणि ती पुन्हा उठली. माझ्या हातानेच मी माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण खाली बसवलं.

"आता उलट करा," सर म्हणाले.

वासुदेवने धक्का दुसऱ्या पेशीला दिला. या खेपेला दुसरी उंच उठली आणि पहिली तिच्याबरोबर. वीज दोन्हीकडे जात होती. सर टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यांनी वासुदेवच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत माझ्या खांद्यावर तो कधी पडला नव्हता.

नंतर आम्ही दोघे समोरच्या हॉटेलात चहाला गेलो. मला राहवेना.

"वासुदेव, तुला वाटलं का, मी माठ मुद्दाम तिथे ठेवला?"

"हाव," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

त्याने बशीत चहा ओतला. पुण्यात तो कपातूनच प्यायचा.

"काय बोलू बे? तुह्या जागी मी असतो तं मुद्दामच ठेवला असता. आलो तवापासून जळून राह्यलो मी तुह्यावर. तू तोंड उघडलं का सर हसतेत. मले वाक्य आधी मनात धुवा लागते, वाळवा लागते, मंग बोला लागते. तवरिक विषय निघून जाते. रात-दिस त्या सुया खुपसल्या त्या कायले? एकदा तरी तू माह्यावर जळला पायजे म्हून."

दिवाळीपासून मी एकटाच जळतोय असं समजून ते दुखणं लपवत आलो होतो, आणि भिंतीपलीकडे हा बसला होता.

"जळलो," मी म्हटलं. "आत्ताही जळतोय. हे असं तोंडावर बोलता येतं तुला, त्यावर."

तो हसला. मग त्याने आपली बशी मेजावर दोनदा वाजवली आणि माझ्या पुढ्यात सरकवली.